मरीन टँकमध्ये अमोनिया पुन्हा पुन्हा चढतोय? आधी दगड तपासा

तक्रार साधारण अशी असते. मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याचा टँक लावून महिना झाला, टेस्ट किटवर अमोनिया शून्य आला, दोन क्लाउनफिश सोडले आणि आठवड्याच्या आत पुन्हा ०.५ पीपीएम (दशलक्षात अर्धा भाग). पाणी बदललं की उतरतो, चार दिवसांनी परत चढतो. बॅक्टेरियाची एक बाटली संपली, दुसरी आणली, तरी तेच. काहींच्या टँकमध्ये अमोनिया गप्प असतो, पण केसांसारखं हिरवं शेवाळ कितीही उपटलं तरी पंधरा दिवसांत होतं तिथे परत येतं.

या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा दगडात सापडतं. मरीन टँकमध्ये खरा फिल्टर म्हणजे दगडच. त्याच्या बारीक छिद्रांत राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. दगड भरीव असेल तर जिवाणूंना जागा नाही, आत काही सडत असेल तर तोच अमोनिया सोडतो, आणि त्यात फॉस्फेट मुरलेलं असेल तर ते महिनोन् महिने पाझरत राहतं. बाटलीतलं औषध पाण्यावर काम करतं. दगडाच्या पोटात जे चाललंय ते त्याने थांबत नाही.

आत्ता टँकमध्ये मासे असतील तर

दगडाचा शोध उद्या घ्या, आज माशांचं बघा. खाणं बंद करा, दोन-तीन दिवस उपाशी राहिल्याने निरोगी मासा मरत नाही. पॉवरहेडचं (पाणी ढकलणाऱ्या पंपाचं) तोंड वर करून पृष्ठभाग चांगला हलता ठेवा. ३० ते ५० टक्के पाणी बदला, मात्र नवं पाणी त्याच खारटपणाचं आणि त्याच तापमानाचं हवं. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर लेबलवरच्या मात्रेत घाला. ते घातल्यावरही बहुतेक किट अमोनिया दाखवत राहतात, कारण किट बांधलेला आणि मोकळा असा एकूण आकडा मोजतं. तेवढ्याने घाबरून दुप्पट मात्रा ओतू नका.

गोड्या पाण्याच्या सवयीने इथे ०.५ ला "थोडासाच आहे" म्हणू नये. पीएच ७ ला एकूण अमोनियाचा एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो. समुद्राच्या ८.२ पीएचला आणि आपल्याकडच्या २६-२७ अंश पाण्यात तोच वाटा सहा ते आठ टक्क्यांच्या आसपास जातो.

दोन बादल्यांची चाचणी

दोष दगडाचा, पाण्याचा की टँकमधल्या दुसऱ्या कशाचा, हे अंदाजाने ठरवू नका. २० लिटरच्या दोन स्वच्छ बादल्या घ्या, साबण किंवा फिनाइलला कधीही न लागलेल्या. एका पिंपात ३० लिटर आरओ पाण्यात साधारण १,१०० ग्रॅम मरीन सॉल्ट घालून २४ तास पंपाने फिरवा. हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजायच्या साधनावर सापेक्ष घनता १.०२५ आली पाहिजे. पावसाळ्यात मिठाच्या डब्यात ओल शिरते आणि त्याच वजनात मीठ कमी भरतं, म्हणून शेवटचा शब्द मीटरचा.

दोन्ही बादल्यांत १५-१५ लिटर पाणी घाला. पहिल्या बादलीत टँकमधला दोन-तीन किलो दगड आणि छोटा पंप, दुसरीत फक्त पंप. दिवा नको, झाकण अर्धवट ठेवा. सुरुवातीला, २४ तासांनी, ४८ तासांनी आणि सातव्या दिवशी दोन्हींत अमोनिया, फॉस्फेट आणि पीएच मोजून वहीत लिहा. किटचा रंग दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली ० आणि ०.२५ सारखेच दिसतात.

दुसरी, दगड नसलेली बादली लोक हमखास वगळतात. तीच सगळ्यात कामाची. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या अनेक सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलेलं असतं, आणि घरगुती प्युरिफायरला चव यावी म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ॲडजस्टर असतो. तो थोडं कच्चं पाणी परत आत सोडतो. आपल्याला वाटतं आरओ आहे, मीटरवर टीडीएस ६०-७० येतो. मरीन टँकसाठी तो शून्याच्या जवळ हवा, म्हणजे आरओच्या पुढे, उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा. बोअरच्या पाण्यात सिलिका बरीच असते, तिच्यामुळे वाळूवर डायटम नावाचं तपकिरी सूक्ष्म शेवाळ येतं आणि दोष बिचाऱ्या दगडावर जातो.

आता वाचायचं असं. दोन्ही बादल्यांत अमोनिया किंवा फॉस्फेट दिसलं तर पाणी किंवा मीठ बदला, दगडाला हात लावू नका. फक्त दगडाच्या बादलीत अमोनिया वाढला तर आत काहीतरी सडतंय. अमोनिया शून्य, पण सातव्या दिवशी फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या वर, तर शेवाळाचं खाद्य दगडातून येतंय. पीएच ८.८ किंवा ९ कडे सरकला तर दगड सिमेंटचा आहे आणि नीट मुरवलेला नाही. दोन्ही बादल्यांत काहीच दिसलं नाही तर एक प्रश्न उरतो: दगडात जिवाणू पुरेसे आहेत का? त्यासाठी त्याच बादलीत २ पीपीएम अमोनिया घालून बघा, मात्रा पुढे दिली आहे. १५ लिटरला तीन किलो दगड हे टँकपेक्षा जास्तच प्रमाण आहे. एवढं असूनही दोन दिवसांत उतार दिसला नाही, तर टँकमध्ये तो माशांचा भार झेलणार नाही.

आपल्याकडे मिळणारे दगड

सगळ्यात आधी खाडीचा दगड. ऐरोली, वाशी, कळवा परिसरातून किंवा उरणच्या किनाऱ्यावरून कालवं चिकटलेला दगड उचलून "फुकटचा लाइव्ह रॉक" (जिवाणू आणि जीव वस्तीला असलेला समुद्री दगड) म्हणून टँकमध्ये ठेवणारे आजही भेटतात. तो ठेवू नका. छिद्रांत खाडीचा काळा गाळ बसलेला असतो, आणि कालवं आणि बार्नेकल (दगडाला चिकटून राहणारे कवचाचे जीव) शिंपल्यांच्या आत मरून सडतात, बाहेरून पत्ता लागत नाही. खाडीत शहराचं आणि कारखान्यांचं सांडपाणी येतं, जड धातूंचा धोका वेगळाच. शिवाय ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथून काही उचलायचं नसतं.

सह्याद्रीचा काळा कातळ विषारी नाही, पण भरीव आहे. सच्छिद्र दिसणाऱ्या तुकड्यांतही बरीच भोकं झिओलाइट किंवा कॅल्साइट या पांढऱ्या खनिजांनी भरलेली असतात. टँकच्या तळाला आधार म्हणून एखादा चालेल, फिल्टर म्हणून उपयोग नाही.

खरी फसगत दोन दगडांत होते. कोकणातला जांभा छिद्रांनी भरलेला असतो, हातात घेतला की वाटतं यासारखा दगड नाही. पण त्यातून माती सुटत राहते आणि तो झिजतो. दुसरी शहाबादी फरशी. ती प्रवाळाच्या दगडासारखी चुनखडीची, म्हणजे जातीने बरोबर, पण इतकी घट्ट की आत जिवाणूंना शिरायला वाट नाही.

म्हणून दोन चाचण्या एकत्र करायच्या. कोरड्या दगडावर पांढऱ्या व्हिनेगरचे चार थेंब टाका. चुनखडीवर लगेच बारीक बुडबुड्यांची साय येते आणि कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. फक्त पांढऱ्या ठिपक्यांवरच फेस आला आणि बाकी दगड गप्प राहिला, तर तो कॅल्साइट भरलेला कातळ. मग शेजारी साध्या पाण्याचा एक थेंब ठेवा. चांगल्या दगडावर तो क्षणभर चमकतो आणि आत ओढला जातो, मागे फक्त गडद डाग राहतो. शहाबादीवर थेंब मण्यासारखा बसून राहतो. वजनाने खात्री करायची असेल तर एक किलो कोरडा दगड रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी निथळून मोजा. १०० ग्रॅम किंवा अधिक वाढला तर सच्छिद्र, १०-२० ग्रॅमच वाढला तर भरीव. जांभा पाण्याच्या परीक्षेत पास होतो, व्हिनेगरच्या नाही. शहाबादी बरोबर उलट.

किती घ्यायचा? लिटरला १२० ते २४० ग्रॅम हा जुना ठोकताळा जड दगडांच्या काळातला आहे. हलक्या, सच्छिद्र दगडाला लिटरमागे ६० ते १०० ग्रॅम पुरतात. तीन फूट बाय दीड फूट बाय दीड फुटाच्या टँकमध्ये वाळू-दगड धरून दीडशे लिटरच्या आसपास पाणी राहतं, त्याला १० ते १५ किलो पुष्कळ झाला.

जिवंत घ्यावा की कोरडा

आमचं मत स्पष्ट आहे. ठाण्या-नवी मुंबईत पहिला मरीन टँक लावणाऱ्याने बिलासह कोरडा दगड घ्यावा, मग तो खाणीतला जीवाश्म प्रवाळाचा असो किंवा भट्टीत भाजलेला सिरॅमिक. जिवाणूंसाठी जुन्या, निरोगी टँकमधले अर्धा किलो तुकडे मागून सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवावेत. वेळ जास्त लागतो, पण आत काय आलंय याची धास्ती नाही.

कायद्याचीही बाजू आहे. कठीण प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. मालवणच्या किंवा इतर कुठल्याही भारतीय किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा, जिवंत असो वा मेलेला, विकत घेणं हा गुन्हा आहे. परदेशातून येणारा लाइव्ह रॉक वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. म्हणजे विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रं हवीत. "बिल कशाला हवं" असं उत्तर आलं तर दगड कितीही सुंदर असला तरी ठेवून द्या.

कागदपत्रं नीट असलेला लाइव्ह रॉक घेत असाल तर दुकानात तीन गोष्टी करा. पहिली, वास. चांगल्या दगडाला मोकळ्या समुद्राचा वास येतो. ओहोटीला ऐरोली पुलावरून जाताना नाकात जो सडक्या अंड्यासारखा दर्प शिरतो, तो दगडाला येत असेल तर आत हायड्रोजन सल्फाइड झालंय. दुसरी, उचलून बघा, आकाराच्या मानाने हलका लागला पाहिजे. तिसरी गोष्ट विचारायची: या पाण्यात कधी कॉपरचं, म्हणजे तांब्याचं औषध घातलंय का? बऱ्याच ठिकाणी मासे आणि दगड एकाच पाण्यावर असतात. चुनखडीत तांबं मुरतं आणि तुमच्या टँकमध्ये हळूहळू सुटतं. मासे तगतात, कोळंबी आणि गोगलगायी मरत राहतात आणि कारण सापडत नाही.

घरी आणताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात आणा. मे महिन्याच्या दुपारी बंद डिकीत तासभर राहिलेला दगड बऱ्यापैकी मेलेलाच असतो.

आत सडत असेल तर

लाइव्ह रॉकवरचे स्पंज हवा लागली की मरतात. पहिल्या आठवड्यात त्यावर बुरशीसारखी पांढरी जाळी येते. जुन्या टूथब्रशने घासलं की करड्या जेलीसारखा लगदा निघतो, खाली काळी चकती दिसते. तो लगदाच तुमचा अमोनिया. हे काम टँकबाहेर करायचं.

५०-६० लिटरच्या प्लास्टिक टबमध्ये १.०२५ चं पाणी, एक जोरकस पॉवरहेड, एअर पंप, तापमान २५ ते २७, दिवा बंद. दर दोन-तीन दिवसांनी दगड त्याच पाण्यात हलवून, घासून, गाळ सायफनने काढा. अमोनिया १ पीपीएमच्या वर गेला की निम्मं पाणी बदला, नाहीतर जगलेले जीवही मरतात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. सलग सात दिवस अमोनिया शून्य आणि वास समुद्राचा, असं झालं की दगड तयार.

खेकडे आणि मॅन्टिस कोळंबी बाहेर काढायला दगड १.०३५ ते १.०४० च्या खारट पाण्यात काही मिनिटं बुडवा, ते स्वतःच निसटून खाली पडतात. गोड्या पाण्यात बुडवू नका, जिवाणूही मरतील. काचेसारखी, तपकिरी, बारीक शुंडकांची ॲप्टेशिया (समुद्रफुलाची उपद्रवी जात) दिसली तर तोडायचा प्रयत्न करू नका, प्रत्येक तुकड्यातून नवी उगवते.

आणि एक गोष्ट जिवावर बेतणारी: असा दगड कधीही उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, गरम पाणी ओतून घासू नका. दगडावर वाढणाऱ्या काही झोअँथिडांमध्ये (बटनांसारख्या मऊ जीवांमध्ये) पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं, वाफेतून ते श्वासात गेलं तर घरातल्या सगळ्यांना दवाखाना गाठावा लागतो. घासताना हातमोजे आणि चष्मा घाला.

फॉस्फेट पाझरत असेल तर

जुन्या, बंद केलेल्या टँकचा दगड स्वस्तात मिळतो, त्यात हे दुखणं हमखास असतं. नुसत्या पाणी बदलण्याने भागत नाही, कारण चुनखडी फॉस्फेट धरून ठेवते आणि पाण्यातलं कमी झालं की आणखी सोडते. रिकामा दगड असेल तर आधी सुगंध नसलेलं साधं ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग यात दोन दिवस बुडवा, सेंद्रिय घाण विरघळते. मग भरपूर धुवा, अँटीक्लोरीनच्या पाण्यात एक दिवस ठेवा आणि कडकडीत उन्हात आठवडाभर वाळवा. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका, आपल्या दमट हवेत दगडाचं पोट वाळतच नाही. डिसेंबर ते मे हा काळ बरा.

बादलीत तरीही फॉस्फेट दिसलं तर बाहेरचा थर ॲसिडने काढावा लागतो. रंग आणि साबण नसलेलं साधं हायड्रोक्लोरिक ॲसिड एक भाग, पाणी दहा भाग. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलट कधीच नाही. १५-२० मिनिटं, फेस मंदावेपर्यंत. फ्लॅटच्या बाथरूममध्ये किंवा बंद बाल्कनीत हे करू नका, मोकळ्या गच्चीवर करा. ब्लीचचा अंश राहिलेल्या दगडावर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू निघतो, म्हणून दोन्हींच्या मध्ये ते धुणं आणि वाळवणं टाळता येत नाही. शेवटी पाण्यात खाण्याचा सोडा घाला, फेस पूर्ण थांबल्यावरच ओता.

दगड टँकमध्ये लागलेला आणि मासे आत असतील तर ॲसिडचा विचार सोडा. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) रिॲक्टरमध्ये, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात, किंवा पिशवीत लावा, अर्ध्या मात्रेने सुरू करा, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मध्ये येईपर्यंत दर काही आठवड्यांनी बदला. दगडात साठा मोठा असेल तर चार-सहा महिने लागतात.

सिमेंटच्या दगडाचा उपाय सोपा आणि कंटाळवाणा: साध्या पाण्यात बुडवून दर दोन दिवसांनी पाणी बदलत राहा, तीन दिवसांत पीएच ८.५ च्या वर जायचा थांबेपर्यंत. चार ते आठ आठवडे धरून चला.

मासे सोडण्याआधीची खरी परीक्षा

अमोनिया शून्य दिसला म्हणजे सायकल झाली, म्हणजे पुरेसे जिवाणू जमले, असं नसतं. खाणंच नसेल तर कचरा कुठून दिसणार? म्हणून जिवाणूंना मोजून काम द्या. लॅब दर्जाचं अमोनियम क्लोराइड १० ग्रॅम, ५०० मिली आरओ पाण्यात विरघळवा. १०० लिटर पाण्याला यातलं ३२ मिली घातलं की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. १५ लिटरच्या बादलीला ५ मिली पुरे. कल्हईवाले वापरतात तो नवसागर हाच पदार्थ, पण बाजारच्या खड्यात काय भेसळ आहे ते कळत नाही, तो टँकमध्ये नको.

जिवाणूंची बाटली वापरत असाल तर तारीख आणि दुकानात ती कुठे ठेवली होती ते बघा, उन्हात तापलेली बाटली म्हणजे महागडं पाणी. ती घालताना यूव्ही दिवा आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) दोन दिवस बंद ठेवा. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य झालं, लागोपाठ दोनदा, की टँक तयार. कोऱ्या कोरड्या दगडाला चार ते सहा आठवडे लागू शकतात. नायट्राइट चढलेलं असताना नायट्रेटचा आकडा खोटा, फुगलेला येतो, तिकडे लक्ष देऊ नका.

मग एकच मासा. पुढचा दोन-तीन आठवड्यांनी.

सगळं नीट करूनही चढला तर

रचना बघा. मोठे दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर बसवलेले हवेत, मागच्या काचेपासून चार बोटं अंतर हवं. भिंतीसारख्या रचलेल्या दगडांच्या मागे पाणी हलत नाही, तिथे खाणं साचतं. दगड साफ करायला नळाच्या पाण्याखाली धरत असाल तर थांबा, क्लोरीनने वरचे जिवाणू जातात. वीज गेल्याची तारीख आठवा. देखभालीसाठी सकाळी गेलेली वीज संध्याकाळी येते, तेवढ्यात भरगच्च दगडाच्या आतला प्राणवायू संपतो आणि दोन दिवसांनी अमोनिया दिसतो. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप पहिल्या दिवसापासून लावून ठेवा.

तरीही कारण सापडलं नाही तर दगड एकेक करून बादलीत तपासा. सुरुवात सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात खालच्या दगडापासून करा, ज्याच्या पोटाखाली वाळू घट्ट बसलेली आहे. उचलताना खालची बाजू काळी आणि वास खाडीचा आला की चोर सापडला. तो टबमध्ये टाका, बाकीचे जागच्या जागी राहू द्या. काढलेला दगड नकोच असेल तर खाडीत टाकू नका, त्याच्यावरचे परके जीव तिथे रुजू शकतात. उन्हात दोन-तीन आठवडे खडखडीत वाळवा आणि मग कुंडीच्या तळाशी घाला.